विरघळले म्हणजे कुजले नव्हे

वैशाख महिन्यात आपण उकिरडा उपसतो. खत गाडीत भरतो आणि शेतात नेऊन टाकतो. हे काम आपण लहानपणापासून करीत आलो आहोत. पण खत भरताना एक गोष्ट तुम्ही पाहिली आहे का?

वर्षभरात आपण उकिरड्यावर काय काय टाकले होते! शेण टाकले. पालापाचोळा टाकला. भाजीची देठे टाकली. गोठ्यातली गवताची काडी टाकली. वैशाखात पाहावे तर शेण ओळखू येत नाही, पाला ओळखू येत नाही. सगळ्याचे काळे, भुसभुशीत खत झालेले असते. पण त्याच खतातून एखादी प्लॅस्टिकची पिशवी निघते. ती टाकली तशीच असते. तिच्यावरची अक्षरेसुद्धा वाचता येतात.

असे का होते? खड्डा एकच. पाऊस एकच. ऊन एकच. मग पाला गेला आणि पिशवी का राहिली?

पाला कोण खातो?

मातीत, शेणात आणि पाण्यात फार बारीक जीव असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना सूक्ष्म जंतू म्हणतात. चमचाभर मातीत ते कोट्यवधी असतात. जंतू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. पण सगळे जंतू रोग करणारे नसतात. पुष्कळसे जंतू आपले चाकरच आहेत. ते पाला खातात, शेण खातात, मेलेले किडेमुंगी खातात. पाला ही त्यांची भाकरी.

आपण भाकरी खातो आणि श्वास घेतो. श्वासातून प्राणवायू आत जातो, कर्बवायू बाहेर येतो. हे जंतूही तसेच करतात. ते पाला खातात, प्राणवायू घेतात, कर्बवायू सोडतात. म्हणून तर उकिरड्यात हात घातला की आत ऊब लागते. खाणाऱ्या जिवांची ती ऊब. याला आपण कुजणे म्हणतो. शिकलेले लोक त्याला जैविक विघटन म्हणतात. शब्द मोठा, पण गोष्ट तीच.

पिशवी मात्र या जंतूंना खाता येत नाही. म्हणून ती राहते.

चिमूटभर मिठाची गोष्ट

आता पाण्याकडे वळू. पिशवी डोळ्यांना दिसते, म्हणून ती कुजली नाही हे कळते. पण पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचे काय?

घागरभर पाण्यात मूठभर मीठ टाका आणि ढवळा. मीठ दिसेनासे होते. मग मीठ गेले का? पाणी तोंडात घेऊन पाहा. मीठ कुठेच गेले नाही. ते आहे तेवढेच आहे. फक्त डोळ्यांना दिसत नाही.

ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. विरघळणे वेगळे आणि कुजणे वेगळे.

हा फरक आम्हाला आमच्या ओढ्याने शिकवला. आम्ही शाळेत छत्तीस वर्षे मास्तरकी केली, पण तो आम्हालाही नीट ठाऊक नव्हता. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक लहान कारखाना आहे. तेथे यंत्रांचे सुटे भाग धुतात. धुतलेले पाणी ओढ्याला येई. काही वर्षांपूर्वी ओढ्यावर पांढरा फेस दिसू लागला. ओढ्याकाठच्या विहिरीचे पाणी बादलीत ओतले तरी फेस येई. गावातली चार माणसे कारखान्यात विचारायला गेली. आम्हीही बरोबर होतो. तेथल्या साहेबांनी चहा दिला आणि सांगितले, "गुरुजी, काही काळजी करू नका. आमचं औषध पाण्यात पूर्ण विरघळतं. काही शिल्लक राहत नाही."

आम्ही मान डोलावली आणि परत आलो. फेस काही गेला नाही.

फेसाचा जुना इतिहास

आमचा एक जुना विद्यार्थी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. तो दिवाळीला गावी आला, तेव्हा आम्ही त्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, "गुरुजी, ही चूक सगळ्या जगाने केली आहे." मग त्याने जे सांगितले, ते आम्ही येथे लिहितो.

पूर्वी लोक साबणाने कपडे धूत. साबण तेलापासून किंवा चरबीपासून होतो. जंतू तो सहज खातात. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्यानंतर अमेरिकेत आणि युरोपात धुण्याच्या पावडरी आल्या. त्यांतला फेस करणारा पदार्थ खनिज तेलापासून केलेला होता. तो स्वस्त होता. जड पाण्यातही त्याने कपडे स्वच्छ निघत. घरोघर त्याच पावडरी वापरात आल्या.

थोड्याच वर्षांत नद्यांवर फेसाचे ढीग दिसू लागले. इंग्लंडात आणि जर्मनीत बंधाऱ्यांखाली फेस साठे आणि वाऱ्याने उडे. मैलापाणी शुद्ध करण्याच्या टाक्याही फेसाने झाकून जात. अमेरिकेत काही ठिकाणी विहिरींच्या पाण्यालाही फेस येऊ लागला. पावडर पाण्यात विरघळली होती, पण कुजली नव्हती. ती मोरीतून गटारात, गटारातून नदीत आणि जमिनीतून विहिरीत गेली होती.

ती का कुजली नाही? त्याचे कारण तिच्या घडणीत होते. उसाचे कांडे आपण कसे खातो? एका टोकाला दात लावतो आणि पेर पेर खात जातो. जंतूही अशा पदार्थाची लांब साखळी टोकाकडून थोडी थोडी तोडून खातात. पण या जुन्या पावडरीतली साखळी सरळ नव्हती. तिला बाभळीच्या फांदीसारखे जागोजाग फाटे होते. जंतूंना ती फार सावकाश खाता येई. तोवर पाणी पुढे वाहून जाई.

मग शास्त्रज्ञांनी सरळ साखळीचा पदार्थ करायला घेतला. इंग्लंडात १९५८ सालापासून लूटन या शहराच्या भागात सुधारलेली पावडर विकून पाहिली. तेथल्या मैलापाण्यात किती पावडर उरते ते मोजले. जर्मनीत १९६१ साली कायदा झाला. पावडरीतला फेस करणारा पदार्थ शंभरात निदान ऐंशी भाग तरी कुजला पाहिजे, असा नियम तेथे १९६४ पासून लागू झाला. अमेरिकेतल्या कारखान्यांनीही १९६५ पर्यंत जुना पदार्थ सोडून सरळ साखळीचा घेतला. आज जगभर बहुतेक पावडरींत तोच असतो.

या सगळ्यातून लोक एक गोष्ट शिकले. पदार्थ आधी नदीत सोडायचा आणि मग पाहायचे, हे उलटे झाले. तो कुजतो की नाही, हे अगोदर बाटलीत पाहिले पाहिजे.

बाटलीतली परीक्षा

ही परीक्षा कशी घेतात? तिचे नियम अनेक देशांच्या एका संस्थेने १९८१ साली ठरवले आणि १९९२ साली सुधारले. ही संस्था पॅरिसला आहे. तिचे नाव ओ.ई.सी.डी. परीक्षेच्या अनेक रीती आहेत. त्यांतली समजायला सोपी म्हणजे बंद बाटलीची रीत.

एका बाटलीत स्वच्छ पाणी घेतात. जंतूंना लागणारे थोडे क्षार त्यात घालतात. मग ज्या पदार्थाची परीक्षा करायची, तो अगदी थोडा घालतात. लिटरभर पाण्यात काही मिलिग्रॅम, म्हणजे राईच्या एकदोन दाण्यांएवढा. शेवटी जंतू सोडतात. हे जंतू शहराच्या शुद्ध केलेल्या मैलापाण्यातले, नेहमीचेच असतात. त्यांना त्या पदार्थाची आधी सवय लावलेली नसते. सवय लावलेले जंतू घेतले तर परीक्षा खोटी ठरेल. मुलाला प्रश्न आदल्या दिवशी सांगून मग पेपर दिल्यासारखे ते होईल.

बाटलीत दुसरे काहीही खाणे नसते. जंतूंपुढे हे एकच ताट. खायचे तर हेच खा, नाहीतर उपाशी राहा.

बाटली तोंडापर्यंत भरतात. आत हवेचा बुडबुडासुद्धा ठेवत नाहीत. मग घट्ट बूच लावून ती अंधारात ठेवतात. अंधार कशासाठी? उजेडात शेवाळ वाढते आणि शेवाळ प्राणवायू सोडते. मग हिशेब चुकतो.

हिशेब प्राणवायूचाच असतो. माशाला पाण्यात श्वास घेता येतो, कारण पाण्यात थोडा प्राणवायू विरघळलेला असतो. थंडसर पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. जंतूंनी पदार्थ खाल्ला, तर हा प्राणवायू कमी होतो. खाल्ला नाही, तर कमी होत नाही. जंतू दिसत नाहीत, खाणे दिसत नाही, पण श्वास मोजता येतो. घरात पाहुणे किती जेवले, हे पिठाच्या डब्यावरून गृहिणीला कळते. तसेच हे.

अशा पुष्कळ बाटल्या भरून ठेवतात. ठरलेल्या दिवशी एकेक उघडून प्राणवायू मोजतात. परीक्षा २८ दिवस चालते.

चार प्रकारच्या बाटल्या

एकच बाटली ठेवून भागत नाही. बाटल्या चार प्रकारच्या लागतात.

पहिलीत नुसते पाणी आणि जंतू. पदार्थ नाही. जंतू उपाशी असले तरी थोडा श्वास घेतातच. तो किती, हे या बाटलीवरून कळते.

दुसरीत पाणी, जंतू आणि परीक्षेचा पदार्थ.

तिसरीत पाणी, जंतू आणि जंतूंना नक्की आवडणारा एखादा पदार्थ. पुष्कळदा सोडियम बेंझोएट घेतात. बाजारातले लोणचे, सरबत टिकावे म्हणून जो घालतात, तोच हा. बाटलीतल्या इतक्या थोड्या प्रमाणात तो जंतूंना बाधत नाही, ते तो खाऊन टाकतात. त्यांनी तोही खाल्ला नाही, तर जंतूच निकामी आहेत. मग ती सगळी परीक्षा रद्द.

चौथीत हे दोन्ही पदार्थ एकत्र. तिसऱ्या बाटलीत जंतू आवडते खाणे खातात आणि चौथीत त्यालाही तोंड लावत नाहीत, असे झाले तर काय समजायचे? परीक्षेचा पदार्थ जंतूंना विषच आहे असे समजायचे.

आता एक गणित करू. पाटी घ्या.

समजा, दुसऱ्या बाटलीतला सगळा पदार्थ खायला लिटरमागे ६ मिलिग्रॅम प्राणवायू लागेल. हा आकडा पदार्थाच्या घडणीवरून आधीच काढता येतो. सुरुवातीला प्रत्येक बाटलीत ९ होता. शेवटी पहिल्या बाटलीत ८ उरला. म्हणजे उपाशी जंतूंनी १ वापरला. दुसऱ्या बाटलीत ४ उरला. म्हणजे तेथे ५ वापरला गेला. ५ मधून १ वजा करा. राहिले ४. पदार्थ खाण्यासाठी ४ लागला. सगळा खायला ६ लागला असता. ६ पैकी ४, म्हणजे शंभरात सुमारे ६७.

आमच्या शाळेत ३५ गुणांना पास करीत. या परीक्षेत ६० लागतात. शिवाय एक अट आहे. १० गुण झाले की पुढच्या १० दिवसांत ६० गाठले पाहिजेत. रेंगाळून चालत नाही. जो पदार्थ असा पास होतो, त्याला सहज कुजणारा म्हणतात.

मग १०० गुण का मागत नाहीत? कारण जंतू खाल्लेल्यातले काही आपल्या अंगी लावतात. आपणही जेवलेले सगळे कामात खर्च करीत नाही. थोडे अंगावर चढतेच.

पास आणि नापास यांचा अर्थ

येथे जरा थांबून नीट समजून घ्या. याच ठिकाणी लोक फसतात.

नापास म्हणजे कधीच कुजणार नाही, असे नव्हे. परीक्षा मुद्दाम कडक ठेवलेली आहे. जंतू थोडे, दिवस थोडे. नापास पदार्थाची पुढे जास्त जंतू आणि जास्त दिवस देऊन दुसरी परीक्षा घेता येते. पण तोवर त्याला सहज कुजणारा म्हणता येणार नाही.

पास म्हणजे निरुपद्रवी, असेही नव्हे. गुऱ्हाळातली मळी जंतूंना फार आवडते. ती या परीक्षेत सहज पास होईल. पण तीच मळी पिंपेच्या पिंपे ओढ्यात ओता. जंतू तिच्यावर तुटून पडतील आणि पाण्यातला प्राणवायू संपवतील. मासे गुदमरून मरतील. म्हणून सांडपाणी नदीत सोडण्याआधी ते किती प्राणवायू खाईल, हेही मोजावे लागते. आपल्या देशात त्यासाठी बाटली २७ अंश उष्णतेत ३ दिवस ठेवतात. नदीत सोडायच्या सांडपाण्याला या मापाने लिटरला ३० मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा आहे.

तिसरी गोष्ट. फेस गेला म्हणजे पदार्थ गेला, असेही नव्हे. जंतू कधी कधी पदार्थ अर्धाच खातात. नॉनिलफेनॉल नावाचा एक पदार्थ आहे. कारखान्यांत धुण्यासाठी वापरतात त्या काही द्रव्यांचा तो अर्धवट खाल्लेला तुकडा. मूळ द्रव्याचा फेस जातो, पण मागे राहिलेला हा तुकडा माशांना मूळ द्रव्यापेक्षा जास्त घातक असतो. म्हणून युरोपातल्या देशांनी २००५ पासून अशा द्रव्यांवर बंधने घातली. नुसता फेस पाहून चालत नाही. जंतूंचा श्वास मोजावा लागतो, तो यासाठी.

चौथी गोष्ट आपल्या जवळची. अलीकडच्या वर्षांत आळंदीला इंद्रायणीच्या पात्रात फेस दिसू लागला. तुम्ही म्हणाल, पावडर आता कुजणारी आहे, मग फेस कसा? कुजायला जंतू लागतात, वेळ लागतो आणि प्राणवायू लागतो. गावोगावचे मैलापाणी आणि कारखान्यांचे पाणी शुद्ध न करता नदीत आले, तर प्राणवायू आधीच संपतो. जंतूंना श्वासच मिळत नाही. बाटलीत पास झालेला पदार्थ मग नदीत नापास होतो. हुशार मुलालासुद्धा बसायला जागा आणि दिव्याला तेल लागते, नाही का?

एक आकडा वाचला, त्याची गोष्ट

आमच्या विद्यार्थ्याने जाताना एक उपयोगी गोष्ट सांगितली. कारखान्यात येणाऱ्या रसायनाबरोबर सुरक्षिततेची माहिती देणारे पत्रक मिळते. त्याचे सोळा भाग असतात. बाराव्या भागात त्या रसायनाचा पाण्यावर आणि मातीवर काय परिणाम होतो, ते लिहिलेले असते. ते रसायन कुजते की नाही, हेही तेथेच लिहितात.

आम्ही ग्रामसभेत विषय काढला. भांडण केले नाही. कारखान्याला एवढेच लिहून विचारले, की आपल्या धुण्याच्या औषधाचे पत्रक आम्हाला दाखवावे. तीन आठवड्यांनी पत्रक आले. ते इंग्रजीत होते. पुष्कळांनी हातात घेतले आणि परत ठेवले.

आमच्या साक्षरतेच्या वर्गात एक मावशी येतात. साठीच्या घरात आहेत. इंग्रजी आकडे त्या वर्गातच शिकल्या. त्यांनी पत्रक जवळ ओढले, बारावा भाग शोधला आणि बोट ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, हे बघा. इथं अठ्ठावीस लिहिलंय. म्हणजे अठ्ठावीस दिवस. आन् म्होरं चोवीस. शंभरात चोवीस. म्हंजी नापासच की हो!"

सभा गप्प झाली. कारखान्याचे साहेबही गप्प झाले. जे आम्हाला चहाच्या पेल्यावर कळले नव्हते, ते मावशींनी दोन आकड्यांत दाखवले.

पुढे कारखान्याने औषध बदलले. नव्या पत्रकावर ७१ हा आकडा आहे. तरी आम्ही आग्रह सोडला नाही. धुतलेले पाणी आधी टाकीत घ्यावे, त्याला हवा द्यावी, जंतूंना त्यांचे काम करू द्यावे आणि मगच ते सोडावे, असे आमचे म्हणणे आहे. टाकीचे काम सुरू झाले आहे. ते पुरे होईपर्यंत ग्रामसभा दर खेपेस विचारणार आहे.

आपणही आपल्यापुरते करावे. कपडे विहिरीच्या काठावर धुऊ नयेत. पावडर मोजकी घ्यावी. धुण्याचे पाणी विहिरीपासून लांब शोषखड्ड्यात सोडावे. तेथे मातीतले जंतू ते खातात.

आणि कोणी म्हणाले, "हे पाण्यात विरघळून जातं, काही राहत नाही," तर घागरीतले मीठ आठवा. मग शांतपणे चार प्रश्न विचारा. हे कुजते का? किती दिवसांत? शंभरात किती? आणि मागे काय उरते?

उत्तर कागदावर मागा. कागद आता तुम्हाला वाचता येतो.